तिसऱ्यांदा विचारतील म्हणून

सर, तुमच्या नावाचं पहिलं व्याख्यान परवा रविवारी झालं आणि ते मी दिलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल. लिहितेय मराठीत. तुम्हाला यातलं अक्षरही कळलं नसतं, पण तुमच्या इराणी डॉक्टरांच्या संघटनेच्या जेवणांत फारसी कविता ऐकताना काही न कळता मी इतकी वर्षं मान डोलावली आहे, तेव्हा आता एकदा तुमची पाळी. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक शाळेत जात होती. आता ती स्वतः रेसिडेन्सी करते आणि मला भूल देण्याबद्दल चार गोष्टी शिकवते. मी ऐकून घेते.

संघटनेच्या सभा अजून ट्रॉय गावातल्या त्याच हॉटेलात भरतात. गालिचा बदलला, मायक्रोफोन मात्र तसाच खरखरतो. आधी व्याख्यान, मग चहा, मग जेवण, हा क्रम कुणी मोडलेला नाही. इराण सोडून आलेले तुमचे डॉक्टर मित्र आता बरेचसे रिटायर झालेत, निम्म्यांच्या कानात यंत्रं आहेत, तरी टाय लावून पहिल्या रांगेत बसतात. व्याख्यानाच्या वेळी कुणी कुणाची भीड ठेवत नाही. स्लाइडवर चूक दिसली की वक्त्याला वाक्यसुद्धा पुरं करू देत नाहीत. मागच्या वसंतात एका किडनीवाल्यांनी एका हृदयवाल्यांची अशी काही सालटी काढली की मला वाटलं, हे आता जन्मात एकमेकांशी बोलणार नाहीत. थोड्या वेळाने जेवणाच्या हॉलच्या दारात तेच दोघं उभे. ‘आधी तुम्ही.’ ‘छे, तुमच्या आधी मी कसा जाऊ?’ मागे रांग खोळंबलेली, आत भात गार होतोय, आणि दोघांपैकी एकही पाऊल पुढे टाकत नाही. आमच्या मराठी मंडळात नाटक असतं, गणपती असतो, पण दारातला असा तमाशा तिथे पाहायला मिळत नाही.

या प्रकाराला तारोफ म्हणतात, हे मला तुमच्याच स्वयंपाकघरात कळलं. मी नागपूरहून नवीन आलेली, तुमच्या हाताखाली भूलशास्त्राची रेसिडेंट. अमेरिकेत ‘नको’ म्हणण्याचा अर्थ काय होतो तो तोवर मी पोटाने शिकले होते. बरोबरची एक मुलगी अर्धं सँडविच पुढे करायची, मी रीतीप्रमाणे नको म्हणायची, आणि ती बापडी ‘ओके’ म्हणून माझ्यासमोर खाऊन टाकायची. तिची काही चूक नव्हती. तुमच्या घरी तुमच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या खानम, भाताचं पातेलं मोठ्या ताटात पालथं घालताहेत. वर सोनेरी, कडक खरपूड. आमच्याकडे ती पातेलं घासणाऱ्याच्या वाट्याला यायची, इथे सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तुम्ही तिला ताहदीग म्हणता. खानमनी मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा धरला, मी पुन्हा नको म्हटलं, आणि वाटलं की संपलं, आता हा तुकडाही गेला. त्यांनी तिसऱ्यांदा धरला. मी घेतला. टेबलाच्या पलीकडून तुम्ही हसत म्हणालात, “गुड. पहिले दोन नकार समोरच्याच्या मानासाठी. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. हे तुला कुणी शिकवलं?” मी म्हटलं, आमच्या पंगतीत जिलबी अशीच वाढतात. त्या दुपारी मला घरी गेल्यासारखं झालं होतं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

पण तुमचे नियम दोन होते. पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. ऑपरेशन थिएटर, टेबलावर रुग्ण, सर्जन घड्याळाकडे बघतोय. तुम्ही मला विचारता, पेशंट रेडी आहे का? मी म्हणते, “ऑलमोस्ट सर, म्हणजे तुम्हाला योग्य वाटत असेल तर...” तुम्ही आवाज चढवला नाहीत. सर्जनला थांबायला सांगितलंत, माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, “इथे तारोफ नाही. माणूस झोपलाय इथे. यस ऑर नो?” मी नो म्हटलं. सर्जन चिडला, आपण थांबलो. माझे कान दिवसभर गरम होते. त्या दिवसापासून कामात मी हो किंवा नाही एवढंच बोलत आले. ती शिस्त माझ्या इतकी अंगवळणी पडली की घरचे वैतागतात.

आता मूळ गोष्टीवर येते. गेल्या हिवाळ्यात संघटनेने ठरवलं की दर वर्षी एक व्याख्यान तुमच्या नावाने व्हावं. चहाच्या वेळी अध्यक्ष माझ्याकडे आले, हातात पेला, इराणी रीतीने दातात साखरेचा खडा. म्हणाले, “पहिलं व्याख्यान तुम्हीच द्यावं, अशी आम्हा सगळ्यांची इच्छा आहे.” मला ते किती हवं होतं, काय सांगू. पण असा मान कुणी हात पुढे करून घेतं का? मी म्हटलं, छे छे, मी तर इराणीसुद्धा नाही, कुणीतरी ज्येष्ठ बघा. जेवताना ते पुन्हा आले. “तुमचं नक्की ना?” मी म्हटलं, खरंच, माझी तेवढी लायकी नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान झुकवली, म्हणाले, “ॲज यू विश, डॉक्टर,” आणि गेले. मी तिसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबले. कोट टांगायच्या खोलीत रेंगाळले, पार्किंगमध्ये गाडी उगाच गरम करत बसले. मग फोनची वाट बघू लागले. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, “आई, जस्ट कॉल हिम. यू वॉन्ट इट, राइट? सो से इट.” म्हटलं, अगं, असं नसतं. ती म्हणाली, “यू गाइज आर सो वीअर्ड.” महिन्याभराने निमंत्रण आलं. त्यावर एका तरुण हृदयतज्ज्ञाचं नाव होतं.

व्याख्यान चांगलं झालं, उगाच खोट काढणार नाही. मुलगा इथेच जन्मलेला, हुशार, तुम्हाला कधी भेटलेला नाही. तुमचा फोटो, शिक्षण कुठे झालं, इथे कधी आलात, असं सगळं त्याने नीट सांगितलं आणि पुढच्या स्लाइडवर गेला. मी तिसऱ्या रांगेत बसून एक प्रश्नही विचारला. मला वाईट वाटत होतं आणि राग येत होता, आणि राग नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं.

जेवताना खानमनी मला शेजारी बसवून घेतलं. आता त्या काठी घेऊन चालतात, पण भाताचं ताट आलं की ताहदीग कुणाला द्यायची ते अजून त्याच ठरवतात. माझ्या पानात तुकडा टाकून म्हणाल्या, “अझीझम, बाळा, तू नकार का दिलास? मी स्वतः तुझं नाव सुचवलं होतं.” मी म्हटलं, “खानम, मी दोनदाच नाही म्हटलं. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही.” त्यांचा चमचा हातातच राहिला. “तारोफ करत होतीस? तू?” आणि मग इतक्या हसल्या की आजूबाजूचे वळून बघायला लागले. डोळे पुसत म्हणाल्या, “डॉक्टरनी जाण्याआधी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. जेवायला हिला हवा तेवढा आग्रह करा, पण कामात या मुलीचा नो म्हणजे नो. तिला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. अध्यक्षांनी तर धीर करून दोनदा विचारलं!”

म्हणजे बघा. मी तुमचा जेवणाचा नियम पाळत होते आणि ते तुमचा थिएटरमधला नियम. चहाच्या वेळी उभं राहून बोललं तर कुठला लागू होतो, हे तुम्ही आम्हाला सांगून गेला नाहीत. तुम्ही माझ्याबद्दल असं काही बोलून ठेवलं होतंत, हेही मला कळायला इतकी वर्षं लागली. ती ताहदीग मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

काल अध्यक्षांचा फोन आला. खानमनी त्यांना काय सुनावलं असेल देव जाणे. त्यांनी पुष्कळ माफी मागितली आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी जर तुम्ही...” मी वाक्य संपू दिलं नाही. हो म्हटलं. “हो?” त्यांनी खात्री करून घेतली. इराणी माणसाला एवढ्या पटकन हो ऐकायची सवय नसते. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून मी असं केलं असतं तर खानमनी भुवया उंचावल्या असत्या. मला लाज वाटली, पण हो मागे घेतलं नाही. मग ते हसले आणि विषय काय घेणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, अजून काही ठरवलं नाही, सवडीने बघते.

हा कागद आता स्लाइडच्या प्रिंटआउटखाली ठेवून देईन. तो पाठवायचा कुठे, हा प्रश्नच नाही. पण तुमच्याशी तारोफ कशाला करू? विषय ठरलेला आहे, सर. अख्खं व्याख्यान तयार आहे. अध्यक्ष पहिल्यांदा चहाचा पेला घेऊन माझ्याकडे आले, त्याच्या आधीच ते लिहून झालं होतं.