डाव्या बाजूचा दरवाजा

मी, रामदास बुधाजी पेडणेकर, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार ठाकूरद्वार, मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. फुप्फुसांबद्दल त्यांनी लिहिलेले कोणी वाचले नाही तरी चालेल. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. वाडीतली खोली व बँकेतली ठेव मुलगा हितेंद्र याला. पुनर्विकासाच्या बैठकांना तो माझ्याआधीच जाऊन बसतो, तेव्हा अधिक सांगणे नको.

२. शाळेच्या कवितांची पुस्तके नात अपेक्षा हिला. अर्थ मागाहून कळतो, पोरी. आधी चाल लागू दे.

३. मागल्या अंगणातली क्रीम रंगाची डुक्कर फियाटही, म्हणजे डुकरासारख्या तोंडाची ती जुनी मोटार, अपेक्षाला. हितेंद्रने ती भंगारात काढू नये.

हिचे पुढचे दरवाजे उलटे. बिजागऱ्या मागे, म्हणून दरवाजा पुढून उघडतो. माझी पत्नी कौसल्या त्यातून पालखीतून उतरावे तशी उतरायची. गाडी वेगात आली की मी भुजंगप्रयातात काहीबाही म्हणू लागायचो, आणि अक्षर चुकले की ती डॅशबोर्डवर बोट आपटायची.

गावी निघण्याआधी डाव्या दरवाजाचे लॉक माझा शाळासोबती दत्ताराम घाडी याने चिंचपोकळीच्या आपल्या गॅरेजात दुरुस्त केले. म्हणाला, "जा बिनधास्त. हत्तीनं ओढला तरी उघडायचा नाय."

पेणच्या अलीकडे वळणावर तो उघडला. उलटा दरवाजा बोटभर उघडला की पुढचे काम वाराच करतो. हँडल धरलेली कौसल्या त्याच्याबरोबर गेली.

पिळवटलेला दरवाजा कापून काढला. तेव्हापासून मी तसाच दुसरा शोधतो आहे. फियाटच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी भंगारात निघाल्या तेव्हा पुष्कळ पाहिले. पत्र्याची गोलाई जवळपास तीच, पण बिजागऱ्या पुढे. हवा तसा दरवाजा मला एकाच ठिकाणी दिसला, दत्तारामकडे गंजत पडलेल्या दुसऱ्या डुक्कर फियाटला. तो देत नाही.

"टॅक्सीचा घे. दरवाजापुढचा बॉडीचा खांब कापतो, बिजागऱ्या तिकडे घेतो. बसतो."

"मग ती कौसल्येची गाडी राहील का रे?"

"आणि माझा दरवाजा लावून वहिनीच्या जागी आता कोणाला बसवतोस, रामा?"

मी त्याच्याशी बोलणे टाकले. आधीच्या मृत्युपत्रात ते तुटके लॉक त्याच्या नावे ठेवले होते, मी गेल्यावर त्याला घरपोच मिळावे म्हणून.

गेल्या दिवाळीत अपेक्षा गाडीत डावीकडे बसली. "आजोबा, आजी इथंच बसायची ना?" म्हणत तिने सवयीने कोपर बाजूला टेकले. तिथे दरवाजा नव्हता. तोल गेला, सावरली, हसली. गाडी उभी होती. मला हसता आले नाही. पोरगी गाडी शिकते आहे. उद्या ही गाडी ती चालवणार.

४. तरी दत्तारामने खांब कापावा आणि टॅक्सीचा दरवाजा बसवावा. तो काळा आहे. रंगवू नये.

५. लॉक माझ्या अस्थींबरोबर पाण्यात सोडावे. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नका, असे वकील म्हणाले. दत्तारामच्या नावे आता काही नाही. त्याने सही करावी.

ठिकाण : मुंबई
दिनांक : १२ जानेवारी २०२५
(सही) रामदास बुधाजी पेडणेकर

साक्षीदार :
१. (सही) वैशाली अजित राणे, शेजारी
२. (सही) दत्ताराम घाडी, चिंचपोकळी

वाचून सही केली. रामा, चालवणारी उजवीकडे बसते. तो दरवाजा पण उलटाच आहे. दोन्ही खांब कापतो.