नारळ फोडला तेव्हा

चिंचवड, १४ डिसेंबर १९७४

दादा, पाया पडतो.

मोटरसायकली न्यायची आपली पत्र्याची बंद ट्रॉली मी काल विकली. चाकणच्या मालोजीरावांनी घेतली. माणूस भला आहे, म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही.

जीपला अडकवायच्या दांड्याचा जोड दिवाळीत तडकला होता. मी वरवर वेल्डिंग मारलं आणि रंग दिला. जोड झाला की हातोडीने ठोकून ऐकायचा, हे तूच शिकवलंस. या वेळी मी ठोकलाच नाही. ऐकायची भीती वाटली.

मालोजीरावांनी ट्रॉलीला हार घातला, कुंकू लावलं आणि नारळ नेमका त्याच जोडावर आपटला. बद्द आवाज आला. आत पोकळ असल्यावर येतो तोच. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मालोजीराव म्हणाले, "काम लई दणकट हाय, राव!" मी मान हलवली आणि खोबरं खाल्लं.

उद्या सकाळी ते दोन मोटरसायकली भरून खेडच्या घाटातून नाशिकला निघणार. चढावर ट्रॉली सुटली, तर सरळ मागच्या एस.टी.वर जाईल. आज रस्त्यावर नुसता ब्रेक करकरला तरी मी धावत दारात जातोय.

तू तिकडे भिलाईला. आता पत्र टाकलं तरी तुला बुधवारी मिळेल. चाकण सायकलवर दीड तास. तेवढाच वेळ मी हे लिहीत बसलोय.

तुझ्या हाताखाली शिकलेला,
खंडू