सगळं पायावर ढकललं गेलं

प्रिय आई,

सरळ मनातलं लिहायला बसले तर पहिल्याच ओळीत भांडण होईल. म्हणून या आठवड्यात काय घडलं, तेवढंच आधी लिहिते.

१. मंगळवारी दुपारी शोभामावशी मिलच्या पॅकिंगमधली पोती शिवायची मशीन सोडून बाहेर गेली. शेजारणीच्या ते लक्षात आलं नाही. न शिवलेली पोती पट्ट्यावरून पुढे गेली, दोन आडवी झाली, तांदूळ सांडला.

२. मॅनेजरसाहेबांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. तिला ऐकू येत नाही, ती ओठ बघून समजते, हे त्यांना माहीत आहे. तरी ते तिच्याकडे पाठ करून बोलले.

३. ते म्हणाले, "आधीच ऐकू येत नाही, त्यात आता घडी घडी बाहेर पळून राहिली. कामाले लायक आहे असं डॉक्टरकडून लिहून आण, नाही त घरी बस."

४. मी म्हणाले, "साहेब, तिची पाळी जायचा काळ आहे. तिला त्रास होतो."

५. ते म्हणाले, "तुई आई तसा पाय घेऊन इतके वर्षं काट्यावर बसली. तिनं कधी काही म्हटलं का?"

पाचवा मुद्दा नसता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तू गेल्यावरही या मिलनं तुला कामाला लावलंय, आई! आणि तेही शोभामावशीच्या विरोधात.

तू गेलीस तेव्हा माझा डिप्लोमा संपत आला होता. आता मी तुझ्याच मिलमध्ये मशीन विभागात आहे. तुझा ट्रक मोजायचा वजनकाटाही मीच तपासते. काट्यावर आता एक मुलगा बसतो, चांगला आहे, पण ड्रायव्हर त्याला भीत नाहीत. तुझा आवाज लाखनीच्या हायवेपर्यंत जायचा. "उतर ना बे खाली! तुया वजनाचा भाव कोण देईन, तुया सासरा?" ड्रायव्हर हसत उतरायचे, आणि पुढच्या वेळी न सांगता उतरायचे.

एवढा मोठा आवाज होता तुझ्याकडे. मग स्वतःसाठी तो कुठे जायचा गं?

शेवटची दोनतीन वर्षं आठवतात. भर थंडीत तू केबिनमध्ये पंखा लावायचीस. बसल्या जागी चेहरा लाल व्हायचा, मानेवरून घाम वाहायचा. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचे चामडी पट्टे ओले व्हायचे आणि मांडी सोलून निघायची. संध्याकाळी घरी आल्यावर तू दार लावून तिथे खोबरेल तेल लावायचीस. मी विचारलं की ठरलेलं उत्तर: "अवं, पायच आहे तसा. पोलिओले काय वेळ-काळ असते?"

झोप लागत नव्हती, पायामुळे. चिडचिड व्हायची, पायामुळे. महिन्यात दोनदा पाळी यायची, अंगावरून खूप जायचं, ते तर तू सांगितलंच नाहीस, वाळत घातलेल्या कापडांवरून मला कळायचं. डॉक्टरकडे गेलो तर त्यांनीही खोलीत शिरल्याबरोबर पायाकडे पाहिलं, दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला. वय विचारलं, पाळीचं विचारलं नाही.

आम्हाला शिकवलंय, मशीन बंद पडली की पहिला सापडलेला बिघाड हाच शेवटचा, असं कधी धरायचं नाही. एक दुरुस्त करायचा आणि पुन्हा तपासायचं. तुझ्या बाबतीत सगळे पहिल्या बिघाडावरच थांबले. तो बाहेरून दिसत होता ना! पाय तसा नसता तर कोणीतरी तुला विचारलं असतं, काय होतंय बाई तुला? पाय होता म्हणून कोणाला विचारायची गरजच पडली नाही.

आणि ती किल्ली! बायकांचा संडास ड्रायव्हर लोक घाण करतात म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली गेटवरच्या चौकीदाराकडे. कुठल्या शहाण्यानं ही व्यवस्था लावली असेल? बाईनं आधी गेटवर जायचं, उभ्या ट्रकवाल्यांसमोर किल्ली मागायची, मग अख्खं आवार ओलांडून मागे जायचं, आणि मग पुन्हा गेटवर किल्ली द्यायला. दोन धड पायांच्या बाईलाही ते नको वाटतं. तू कॅलिपर घालून, कापड बदलायची घाई असताना, बाहेर काट्यावर ट्रक हॉर्न देत असताना जायचीस. म्हणून तू मे महिन्यातही सकाळपासून पाणी पीत नव्हतीस. डब्यासोबतची बाटली भरलेली परत यायची. "तहानच नाही लागत मले." भंडारा जिल्ह्यात, मे महिन्यात, टिनाच्या केबिनमध्ये तहान लागत नाही!

तू पडलीस तीही किल्ली परत देऊन येताना, काट्याच्या उतारावर. खुब्याचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून विचारलं, "यांची हाडं फार ठिसूळ झाली आहेत. पाळी जायच्या वयात, त्यात पोलिओचा पाय, कधीच तपासलं नाही का कोणी?" तुझ्याबद्दल बरोबर प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती. तोवर तू खाटेवर होतीस, आणि तिथून उठली नाहीस.

तेराव्याला मिलमधले लोक आले. म्हणाले, पायानं दगा दिला बिचारीला. पायानं काही दगा दिला नाही. त्या पायानं तुला आयुष्यभर कामावर पोचवलं.

आता शोभामावशीचं ऐक. तुम्हा दोघींची ती खूण होती ना, छातीपाशी मूठ धरून एकदम उघडायची, चूल भडकल्यासारखी? मला वाटायचं तुम्ही मॅनेजरला शिव्या देताय. मंगळवारी ती रडत नव्हती. माझ्यासमोर उभी राहून तीच खूण करत होती, पुन्हा पुन्हा: अंगातून आग उठते. मग तिनं काट्याच्या केबिनकडे बोट दाखवलं. म्हणजे तू तिला सांगितलं होतंस! घरात मला नाही सांगितलंस, आणि जिला ऐकू येत नाही तिला सगळं सांगितलंस. रागावू की हसू?

दवाखान्यात तिच्याबरोबर तिचा मुलगा जातो. डॉक्टर त्याच्याशी बोलतात, तो आईला हातानं समजावतो. आता ती आपल्या पोराच्या हातांनी डॉक्टरला काय सांगणार, अंगावरून किती जातं ते? ती सांगते, डोकं दुखतं. तो सांगतो, डोकं दुखतं. डोकेदुखीची गोळी मिळते. काल मी तिच्यासोबत गेले. मुलाला बाहेर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून विचारलं, मावशीनं लिहून उत्तर दिलं, आणि मग बराच वेळ लिहीतच राहिली.

पॅकिंगमध्ये मशीन सोडताना शेजारणीला हाक मारायची रीत आहे, "धर वं जरा" म्हणून. मावशी हाक मारू शकत नाही, एवढीच तिची चूक. तिच्या मशीनपाशी एक बटण आणि शेजारणीसमोर एक लाल दिवा, हे मी एका दुपारी बसवू शकते. किल्ली बायकांच्या खोलीत खिळ्याला लटकवायची. बसायला पाठीची खुर्ची, डोक्यावर पंखा, घाम आला की दहा मिनिटं उठायची मुभा. याला नाटक म्हणतात का? आम्ही मोटर तापली तर तिला थंड होऊ देतो. मोटरला कोणी डॉक्टरचा कागद मागत नाही.

शनिवारी संचालकांची बैठक आहे. मावशीचं काम राहणार की जाणार, हे तिथे ठरेल. मॅनेजरसाहेब तुझं उदाहरण देणार, हे नक्की. मला उठून सांगायचं आहे की ते उदाहरण खोटं आहे. आणि ते सांगायचं तर तुझा घाम, तुझी सोललेली मांडी, तुझी पाळी, सगळं पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलावं लागेल.

तू काय म्हणशील ते ऐकू येतंय मला. "लोकायसमोर असं बोलत असतात का वं? लाज नाही वाटत?" नाही वाटत, आई. मोडलेल्या हाडाची फिल्म सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली, तेव्हा कोणालाच लाज वाटली नाही.

एवढं वचन देते. घडलं त्यापेक्षा एक शब्द जास्त बोलणार नाही. रडणार नाही. तुला कोणी बिचारी म्हणालं तर त्याला तिथेच थांबवीन. आणि मावशीकडे तोंड करून बोलेन, म्हणजे तिला कळेल.

तरीही गोष्ट तुझ्या शरीराची आहे, म्हणून तुला विचारते. तुझी हरकत असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. काही कळवलं नाहीस तर मिलच्या पत्रांत लिहितात तसंच मीही धरून चालेन, की तुझी संमती आहे.

तुझी,
प्रणाली