मोत्यांतलं ग्वानीन

आई, तुझ्या बसऱ्याच्या मोत्यांच्या माळेतला एक मणी मी परवा शाळेच्या प्रयोगशाळेत फोडला. मोती होताच कुठे तो? पातळ, पोकळ काच निघाली आणि आतून रुपेरी मुलामा. तो खरवडून मी बशीत घेतला, नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकून आटवला. पिवळा थर उरला. कॉस्टिक सोड्याने तो लाल झाला, तापवल्यावर जांभळट. कॉलेजात हीच परीक्षा केली होती आम्ही. ग्वानीन. मासळीच्या खवल्यांची चमक ती याच्याच चपट्या स्फटिकांची. ती धुऊन काढतात आणि काचेच्या मण्यांना आतून लावतात. जन्मभर तू मासळी गळ्यात घालून देवघरात बसलीस. मला हसू यायला हवं होतं. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मॅट्रिकच्या आधीचा महिना आठव. तू कळण्याच्या भाकरी उरकून हळदीकुंकवाला निघाली आहेस, माळ गळ्यात आहे. मी दारात बसले आहे. तापीवर जाळं टाकणाऱ्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, गणितात माझ्यापुढची, अभ्यासाला येते. तिच्याकडे पुस्तकं नाहीत, म्हणून माझ्याच पुस्तकांवर दोघींचा अभ्यास चालतो.

"ओट्यावरच थांब गं," तू म्हणतेस. "अंगाला मासळीचा वास आहे."

"काकी, नहाऊन आली मी. साबण लावून."

"नहाली असशील, पण वास जातो का? घरात देव आहेत."

आणि तिच्यादेखत तू उंबऱ्यावर बादलीभर पाणी ओतलंस. ती उठून गेली, पुन्हा आली नाही. परीक्षेत तिचा बाक रिकामा होता. त्याच वर्षी तू गेलीस. बाबांनी मला नागपूरला पाठवलं आणि मी घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. आता राज्यांची नवी आखणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आपलं गाव या नव्या राज्यात राहिलं. सगळे एकोप्याची भाषणं करतात. मीही वर्गात करते.

ग्वानीन एकट्या मासळीचं नाही, आई. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतात, ग्वानोत, ते पहिल्यांदा सापडलं, त्या खतावरूनच त्याचं नाव पडलं. आमच्या सरांनी तर नवीनच सांगितलं होतं: जिवंत पेशींत एकमेकांभोवती वळलेले दोन धागे असतात, त्यांत हे ग्वानीन सायटोसीन नावाच्या दुसऱ्या पदार्थाशीच जोडी करतं, आणि अशा जोड्यांच्या क्रमातून आईची हनुवटी मुलीला मिळते. तापीच्या मासळीत, तिच्यात, तुझ्यात, माझ्यात तोच पदार्थ, त्याच घडणीचा. मग कुठला विटाळ धूत होतीस तू?

काल मी तिला गाठलं. सिंधीपुऱ्याच्या कोपऱ्यावर ती मासळी विकते. मण्याची गोष्ट सांगितली तर इतकी हसली की शेजारची बाई वळून पाहायला लागली.

"म्हणजे काकी आमचंच गळ्यात घालून मिरवायची? अन् मी ओट्यावर! वा मास्तरीणबाई, बढिया शोध लावला." मग तराजू खाली ठेवून म्हणाली, "पण याने मला मॅट्रिकचं सर्टिफिकेट भेटणार का?"

"नाही."

"साबण लावून आली होती मी. तुला तर माहीत होतं ना. तू का नाही बोलली?"

"आईला घाबरत होते."

"आणि आता?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, ती त्याच्याकडे वळली. रस्ताभर मी तुझ्यावरच संतापत आले, आणि आल्या आल्या लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच इतकं खडसावून लिहिता आलं. आत्ता तू आतून नुसती हाक मारली असतीस ना, तर हा कागद गादीखाली सरकवून मी "आले" म्हटलं असतं.