नऊ नंबरचा पाचशेवा गुण

किविसाल्मी, ९ ऑक्टोबर १९८३

ती. दादास,
रउनीचा सा. न. वि. वि.

आइस हॉकीचा मोसम गुरुवारी सुरू झाला आणि आपला गावचा संघ, आपले लोहार, घरच्या बर्फावर पाच-दोनने हरले. रेडिओवर तू ऐकलंच असशील. आईनेही ऐकलं, आणि चौथा गोल खाल्ल्यावर रेडिओ बंद करून बटाटे सोलायला बसली. म्हणाली, बटाटे निदान हातातून निसटत तरी नाहीत.

नऊ नंबरचा होंकासालो मात्र खेळला. सदतीस वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, पण आपल्या दोन्ही गोलांना चकती पुरवली ती त्यानेच. गोल करणाऱ्याला एक आणि त्याआधी चकती देणाऱ्या शेवटच्या दोघांना एकेक, या हिशेबाने त्याचे आजवरचे गुण झाले ४८०. लोहारांकडून पाचशेपर्यंत कुणीच पोचलेलं नाही. हा आपला शेवटचा मोसम, असं त्याने पेपरात सांगूनही टाकलंय.

होंकासालोचा पाचशेवा गुण घरच्या हॉलमध्ये बसून बघणार, असं तू गेल्या नाताळात लिहिलं होतंस. अकरा वर्षांत तू एकदाही आला नाहीस. आई हल्ली तुझी खोली दर आठवड्याला झाडते. म्हणून तुझा तो शब्द मी वहीत उतरवून ठेवलाय, तारखेसकट.

गुणलेखक म्हणून सामन्याच्या टेबलावरचं माझं हे नववं वर्ष. टेबलावरच्यांनी टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, हा नियम मला अजून जड जातो. गोल झाला की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. शाळेतली पोरं म्हणतात, गणिताच्या बाई अंड्यांवर बसल्यासारख्या बसतात.

थंडी सुरू झाली आहे, छाती सांभाळ. माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी,
रउनी

योतेबोरी, ३० ऑक्टोबर १९८३

चि. रउनीस,
अनेक आशीर्वाद.

इथे स्वीडनमध्ये आपलं फिनलंडचं स्टेशन लागायचं म्हणजे गॅलरीच्या कठड्याला तार बांधून रेडिओ खिडकीत ठेवावा लागतो. त्यातही दुसऱ्या सत्रात कुणीतरी रशियन बाई मधेच गायला लागते. परवा ती गात असतानाच होंकासालोने गोल केला. मी एवढ्या जोरात ओरडलो की खालचा स्वीडिश शेजारी वर आला आणि घरात कुणी पडलं का म्हणून विचारू लागला. त्याला आत घेऊन कॉफी दिली. आता तोही लोहारांचा माणूस आहे, बिचारा.

अंड्यांवर बसण्याचं वाचून हसलो. लहानपणी तू ब्लूबेरी वेचायला आलीस की माझ्या डब्यातली पानंसुद्धा बाजूला काढून मगच वजन करायचीस. तुला त्या टेबलावर बसवणाऱ्याला माणसांची पारख आहे.

माझा शब्द पक्का. ४९५ झाले की लगेच कळव. कारखान्यात रजा मिळायला आठवडा लागतो, मग दिवसभर आगगाडी, रात्रभर बोट, आणि सकाळी तुर्कूहून बस. आईला म्हणावं, खोली झाड, पण पलंगाखालचे माझे जुने स्केट्स टाकू नकोस.

तुम्हा दोघींची आठवण रोजचीच.
तुझा दादा,
तउनो

किविसाल्मी, २३ जानेवारी १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं गुरुवारचं पत्र अजून तुझ्या हाती पडलंही नसेल. ४९४ वरून एकदम ४९७ झाले, आता रजा टाक, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्र आता जुनं झालं. काल त्याने एकाच सामन्यात तीन मिळवले.

म्हणजे सगळा गाव तसं मानतो. तिसऱ्याची घोषणा झाल्यावर खेळ पाच मिनिटं थांबला. बर्फावर लोकरी टोप्यांचा खच पडला. बेकरीवाल्या सोइलाने वर क्रीमने पाचशेचा आकडा काढलेला केक आधीच करून ठेवला होता, तो बर्फाभोवतीच्या काचेवरून आत दिला गेला. म्हातारी माणसं रडत होती. मी मांड्यांखाली हात दाबून बसले होते आणि खरं सांगायचं तर माझेही डोळे भरले होते.

आता जे लिहिते आहे ते नीट वाच. तो गोल पोरसवदा रासीने केला. रेफरी काचेशी येऊन रासीचा नंबर सांगून गेला आणि पास कुणाचे ते तुम्हीच बघा म्हणाला. मी नऊ लिहिला. होंकासालोने चकती कोपऱ्यात मारली होती हे खरंच आहे. पण मधे प्रतिपक्षाच्या बचावपटूने ती ताब्यात घेतली असेल, तर साखळी तिथेच तुटते आणि नऊ नंबरला काही मिळत नाही.

क्लबने या वर्षी व्हिडिओ कॅमेरा घेतलाय. आज दुपारी ती टेप मागून आणली आणि शाळेच्या यंत्रावर आठ वेळा पाहिली. त्या बचावपटूने चकती स्टिकवर घेतली, दोन ढांगा पुढे नेली आणि मग रासीने ती त्याच्याकडून हिसकावली. यात शंकेला जागाच नाही.

मी टेबलावर बसते ते तिथून दहा पावलांवर. मी ते पाहिलं नाही, की मला पाहायचं नव्हतं? सकाळपासून वहीची तीन पानं भरली, तरी उत्तर येत नाही. लीगच्या कचेरीला दुरुस्ती कळवायला सात दिवस आहेत. तुला काय वाटतं ते उलटटपाली लिही.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे आहेत.
रउनी

योतेबोरी, २६ जानेवारी १९८४

चि. रउनीस,
आशीर्वाद.

काही कळवू नकोस. वीस वर्षांत त्या माणसाचे किती पास तुझ्या आधीच्या झोपाळू गुणलेखकांनी बुडवले असतील, याची कुणी टेप काढलीय का? त्यातले दोन जमेला धर, हा एक वजा कर आणि गप्प बस. तू काय स्वर्गाच्या दाराशी वही घेऊन बसली आहेस?

मी तो गुण रेडिओवर ऐकला, आणि गेल्या कित्येक वर्षांत असा आनंद झाला नव्हता. शेजाऱ्याने मला उचललं होतं, आणि माझं वजन तुला माहीत आहे. हॉलमध्ये नव्हतो याचं वाईट वाटलं. पण झालं ते झालं. आता यायला निमित्तही उरलं नाही. उन्हाळ्यात बघू.

टेप परत करून टाक. आईला नमस्कार.
तउनो

किविसाल्मी, २ फेब्रुवारी १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. त्याच्या आदल्या दिवशीच मी दुरुस्ती पाठवून दिली होती. तुला विचारलं आणि उत्तरासाठी थांबले नाही, ही माझी चूक. कबूल करते. तू गप्प बस म्हणशील हे मला माहीत होतं, आणि तू म्हटलंस तर मी गप्प बसेन याचीच मला धास्ती होती.

पाठवण्याआधी मी होंकासालोला भेटले. सराव संपवून तो स्केट्सचे बंद सोडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने दोन्ही स्केट्स काढून बाकाखाली ठेवले. मग म्हणाला की मास्तरीणबाई, चकती त्या गड्याकडे गेली होती हे मला त्याच वेळी दिसलं होतं, पण म्हटलं तुम्ही उंचावर बसता, तुम्हाला जास्त दिसत असेल. मग हसला आणि म्हणाला, केक मात्र परत मिळणार नाही, पोरांनी संपवलाय.

त्याचं हसणं तीनच दिवस टिकलं. रविवारच्या सामन्यात काचेवर आदळून त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. डॉक्टर म्हणतात, मोसम बहुधा संपला. दादा, हा माणूस ४९९ वर थांबला तर तो माझ्यामुळे थांबला. मी खरं लिहिलं याबद्दल मनात शंका नाही. पण खरं दहा मिनिटांत, त्याच टेबलावर लिहायला हवं होतं. पाच दिवस उशिरा लिहिलेलं खरं हे दिलेलं काढून घेण्यासारखं असतं.

गावाचं म्हणशील तर, सोइलाने मला दालचिनीचे पाव संपलेत असं सांगितलं, तेव्हा पाव भरलेला ट्रे तिच्या कोपराखालीच होता. आठवीतल्या एका पोराने हात वर करून विचारलं की बाई, ४९९ चं जवळच्या शंभरापर्यंत पूर्णांकन केलं तर चालतं का? मी म्हटलं, परीक्षेत चालतं. वर्ग हसला, मीही हसले. आई मात्र माझ्या बाजूची निघाली. शेजारणीला म्हणाली, आमच्या रउनीने दिलेला गुण खोटा असतो असं आता कुणी म्हणूनच दाखवावं.

तू रागावला असशील. रागावलास तरी लिहीत राहा, एवढंच मागते.
रउनी

योतेबोरी, १५ फेब्रुवारी १९८४

चि. रउनीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो. दहा दिवस रेडिओसुद्धा लावला नाही. शेजारी दारात येऊन विचारून गेला, लोहार वारले का?

मग एक गोष्ट ध्यानात आली, ती तुलाच लिहितो. पाचशेवा गुण माझ्याशिवाय झाला तेव्हा आनंद झाला, त्याबरोबर हायसंही वाटलं होतं. आता जायला नको, असं वाटलं होतं. वडिलांच्या मागे दोन वर्षांत परत येतो म्हणून मी निघालो, आणि अकरा झाली. एवढ्या उशिरा आईच्या दारात उभं राहायचं तर काय तोंड घेऊन राहायचं? तू तो गुण खोडलास तेव्हा माझी पळवाटही खोडलीस. रागाचं खरं कारण तेच.

होंकासालो छातीला पट्टा बांधून शेवटचा सामना खेळणार, असं काल रेडिओवर सांगितलं. रजा टाकली आहे. ४ मार्चला तुझ्या टेबलामागची जागा मिळेल का बघ. गुण झाला नाही तरी येणारच. आईला आधी सांगू नकोस. नको, सांगच. तिला दचकवायला नको.

बाकी समक्ष.
तुझा दादा,
तउनो

किविसाल्मी, ८ मार्च १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू योतेबोरीला परत पोचल्याची तार मिळाली. तुझी खोली आईने अजून झाडलेली नाही. चादरीवरचा चुरगळा तसाच राहू दे म्हणते. शेजारणींना सांगते, आमचा तउनो जाड झालाय पण जेवतो नीट.

त्या संध्याकाळी आपण घरी सगळं बोललो, फक्त एका गोष्टीवर बोललो नाही. म्हणून लिहिते आहे.

शेवटची चार मिनिटं राहिली होती. रासीने लांबून फटका मारला, गोलासमोर घोळका होता आणि चकती आत गेली. रेफरीने रासीचा नंबर सांगितला. पास दुसऱ्या दोघांचे होते, नऊचा त्यात संबंधच नव्हता. पण आत जाताना चकतीने दिशा बदललेली मी पाहिली. होंकासालो रासीकडे पाठ करून उभा होता आणि ती त्याच्या चड्डीला, बसायच्या जागी, लागून आत वळली. म्हणजे गोल त्याचा. मी रेफरीला काचेशी बोलावून तसं सांगितलं.

रेफरी माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणणार की बाई, एकदा काढून घेतलेला गुण असा परत देऊ नका. इतक्यात प्रतिपक्षाचा कप्तान आला, काय चाललंय विचारलं आणि ऐकून म्हणाला की जानेवारीत स्वतःच्या माणसाचा गुण खोडणाऱ्या बाई याच ना, मग आमची काही हरकत नाही. रेफरीने मान हलवली. नऊ नंबर, पाचशे.

नंतर कॉफीच्या रांगेत होंकासालो म्हणाला की लागली, चांगली लागली, पण पुरावा जिथे आहे तो भर रांगेत दाखवता येत नाही. सगळे हसले. सोइलाने मला पाव दिला, पैसे न घेता. पण होंकासालो पडला गंमत्या माणूस, आणि पाचशे कुणाला नको असतात? त्या वेळी टेपही फिरत नव्हती, कॅमेरावाला टोपी फेकायच्या तयारीत होता.

जानेवारीत मला हवं होतं म्हणून मला दिसलं नाही. मार्चमध्ये मला हवं होतं म्हणून दिसलं असेल का? सात दिवसांतले चार गेले. तू माझ्या मागेच, दोन हातांच्या अंतरावर बसला होतास. तुला काय दिसलं? माझं मन राखायला काही लिहू नकोस. या वेळी उत्तर येईपर्यंत मी थांबणार आहे.

तुझ्यावर भरवसा आहे, म्हणूनच विचारते.
रउनी

योतेबोरी, १० मार्च १९८४

चि. रउनीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचल्याबरोबर बसलो आणि लिहितो आहे. एक्स्प्रेसने टाकतो, म्हणजे मुदतीत पोचेल.

साक्ष द्यायची तर खरं सांगतो. मी गोल पाहिलाच नाही. अकरा वर्षं ज्याच्यासाठी रेडिओला तार बांधली तो गोल झाला तेव्हा मी बर्फाकडे बघतच नव्हतो. मी तुझ्याकडे बघत होतो. पोरं म्हणतात ते खरं का, तू अजून हातांवर बसतेस का, ते बघत होतो. समोरच्या काचेत तुझा चेहरा स्पष्ट दिसत होता.

सगळे ओरडायला लागले त्याच्या आधीच तुझा चेहरा पांढरा पडला. तू हात मांड्यांखालून काढलेस आणि पेन असं धरलंस, की ते कुणीतरी काढून घेणार आहे. वडील तळ्यावरच्या बर्फाच्या फटीत पडले होते ना, तेव्हा तू धावत सांगायला आलीस तो चेहरा होता हा. हवं ते दिसलेल्या माणसाचा चेहरा असा होत नाही, रउनी. तसला चेहरा मी रोज आरशात दाढी करताना बघतो. तुला खरं ते दिसलं, आणि आता ते सांगावं लागणार म्हणून तू घाबरलीस.

म्हणजे लागली होती. वही मीट.

पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याची दोन तिकिटं काढून ठेव. एक शेजाऱ्याचं. त्याला पांढरा पडलेला चेहरा प्रत्यक्ष बघायचाय.

आईला सांग, चादर आता धुवायला हरकत नाही.
तुझा दादा,
तउनो