तात्यांच्या अंगातला देव

उषा,

तात्यांचे जुलाब थांबेनात, म्हणून परतूरहून डॉक्टर आणायला गाडी जुंपून निघालो. तू नदीवरून येईपर्यंत भुजंगभावजींना दारात बसवलंय.

अफू सुटली की जांभया, शिंका, डोळ्यांना धार, अंगावर काटा, पायांना झटके, हे व्हायचंच. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण शेजारच्या चतुराबाईनं डोकावून पाहिलं आणि "अगं बाई, तात्यांच्या अंगात आलं!" म्हणत गल्ली गोळा केली. ओसरीवर नारळांची रास पडलीय. आमच्या तीर्थरूपांनी संधी साधली. घुमत घुमत म्हणाले, "मला नारळ न्हाई लागत. अफूची गोळी आणा जल्दी, पहिल्याएवढी!" चतुराबाई बिचारी आणायला गेलीय.

तिला दारातूनच परत पाठव. इतक्या दिवसांनी जुनं माप घेतलं तर तात्या झोपेतच जातील. पेज आणि मीठसाखरेचं पाणी पाजत राहा. तरी कुणी गोळी दिलीच, आणि हाकेला ओ येईना, बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या, श्वास रेंगाळला, तर कुशीवर वळव, हलवून जागं ठेव आणि भावजींना माझ्यामागं पिटाळ.

मागच्या खेपेला अफू सोडवताना तुलाच पाझर फुटला आणि तू गोळी दिलीस. या वेळी देव कोपला तर माझं नाव सांग. लहानपणापासून त्याचा मार मीच खात आलोय.

रामकिसन