डिंपलचं लग्न आणि तीन डिस्क

२ डिसेंबर, सोमवार, सकाळी ९
आजपासून स्टुडिओ नव्या युगात. कॉम्प्युटरला दोन डिस्क लावल्या. सॉफ्टवेअर रेड (RAID), म्हणजे डिस्कची जोडणी, त्यातला मिरर प्रकार. एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. एक मेली तरी लग्न जिवंत. शिवाय डिस्क दोन म्हणजे वेग दुप्पट. आळेफाट्यावर हे कुणाकडे नाही. मंचरच्या चंपालाल शेठच्या डिंपलच्या लग्नाची फिल्म यावरच करणार. शेठच्या आई पानबाई पाय मोडल्याने लग्नाला जाऊ शकल्या नाहीत, फिल्मची वाट बघतायत. शुक्रवारी देतो म्हणालो. मला गुरुवारही पुरेल.

३ डिसेंबर
फुटेज कॉपी केलं. वेग दुप्पट नाही. पूर्वीपेक्षा कमीच. आरती (बायको, अल्बम ती करते) म्हणाली, एकच धडा दोन वह्यांत लिहायचा तर हात लवकर कसा चालंल. तिला म्हटलं, हा शाळेचा विषय नाही. डिस्कना एकमेकींची सवय व्हावी लागते.

४ डिसेंबर, दुपारी
इंटरनेटवर एक जण म्हणतो, लिहिताना मिरर सगळ्यात हळू डिस्कच्या चालीने चालतो. माझी दुसरी डिस्क पिंपळवंडीच्या भिकाकडून घेतलेली, जुनी आहे. पण त्या माणसाने स्वतःचा फोटो लावलेला नाही. विश्वास ठेवला नाही. तिसरी डिस्क लावली.

संध्याकाळी ६
तिसरीवर सगळं पुन्हा उतरतंय. चौदा तास दाखवतंय. एडिटिंग करायला घेतलं तर नवरदेव घोड्यावर चढता चढता थांबतो. पाच मिनिटं एक पाय वर.

५ डिसेंबर
मोठा शोध. मिररचा वेग लिहिण्यात नाही, वाचण्यात. तोही एकाच वेळी अनेक जण वाचत असतील तर. म्हणजे मशीन बरोबर होतं, माणसं कमी पडत होती. तीन लॅपटॉप जोडले. गॅरेजवाला जानकू, चहावाल्या अंबाबाई आणि आरतीला फुटेज बघायला बसवलं. जानकूला जेवणावळ, अंबाबाईंना पाठवणी, आरतीला हळद. तिन्ही एकदम चालू. कुठेच अडकलं नाही. जानकूला वेग कसा वाटला विचारलं. तो म्हणाला, भाऊ, जिलबी गरम व्हती का? अंबाबाई रडल्या. डिंपल त्यांच्या ओळखीची नाही, तरी. म्हणजे वाचन अस्खलित. आरती काम आहे म्हणून दहा मिनिटांत उठली. तिच्या वाट्याची डिस्क वाया.
फिल्म साडेचार मिनिटं झाली. पाया पक्का आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार
मुदत मागायला मंचरला गेलो. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं. पानबाई पलंगावर, समोर टीव्ही. टीव्हीवर डिंपल हार घालत होती. पाठ केलेलं विसरलो.
आरतीने कॅमेऱ्याच्या कार्डांवरून, तिच्या जुन्या लॅपटॉपवर, पूर्ण फिल्म केली होती. काल दुपारीच पेनड्राइव्ह पाठवला म्हणे. पानबाई म्हणाल्या, दोनदा बघितली, लई छान, बाईचा हात चांगलाय.
मग म्हणाल्या, बसा पावणं, तुमी कोण?
मी म्हणालो, आरतीचा मिस्टर.